ढापणीचं बारसं

“बाईमाणसाला असलं नाव सुचायचं नाय हो. ते आप्पासाहेबांचंच डोकं.”

बापूकाका हे म्हणाले आणि लगेच वळून त्यांनी रस्सा वाढायला सांगितला. मी मागच्या टेबलावर होते, पाठ त्यांच्याकडे करून. हातात तुझ्या गाडीची किल्ली. आत्या, ती मी इतकी घट्ट धरली होती की तळहातावर दात उमटले.

तू गेल्यानंतर आपल्या जुन्या जर्मन गाड्यांच्या ग्रुपचा हा पहिला रविवार. तुझं तेरावं झालं, पाहुणे परतले, आणि बापूकाकांनी पप्पांना फोन केला. “दादा, ताईंची गाडी तेवढी आणा. ती नसली तर आमची रांग बोडकी दिसंल.” पप्पा म्हणाले, “मला नाही जमत ती. ईशा आणेल.” मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी नेहमीसारखी नाही म्हणाले असते, म्हणून बरंच झालं. तुझ्या गुलाबशेतीच्या शेडपासून गाडी काढली, पूल ओलांडून गंगापूर रोडला लागले आणि पहिल्याच सिग्नलला रिक्षावाला ओरडला, “ढापणी आली ओ!” तू कशी काच खाली करून त्याला हात करायचीस. मी काच खाली केली. हात काही वर गेला नाही. पण काच केली!

मिसळीच्या त्या बागेत आंब्याखाली सगळ्या ताऱ्यावाल्या गाड्या ओळीत लागल्या होत्या. तुझी जागा मोकळी ठेवली होती. झेंडूचा हार आधीच आणून ठेवला होता, तो बॉनेटवर घातला, आणि मग सगळे मिसळीवर तुटून पडले. दुःखात भूक लागते याचं तुला नेहमी हसू यायचं.

टेबलावर जो विषय चालला होता, तो असा. तुझ्या आठवणीसाठी ग्रुप स्टिकर काढतोय. त्यावर आपल्या गाडीचा चेहरा, ते चार दिवे, दोन मोठे, दोन लहान. खाली ठळक अक्षरात ‘ढापणी’. आणि त्याच्याखाली एक ओळ, हे नाव कोणी दिलं त्याची. छापणाऱ्याला दुपारपर्यंत मॅटर हवं होतं. देवरे सरांनी मोबाईलवर ओळ तयार करून वाचून दाखवली: “नामकरण, कैलासवासी आप्पासाहेब.” म्हणजे तुझ्या नवऱ्याने नाव ठेवलं! हे स्टिकर आपल्यापुरतं नाही बरं का. पुणे, कोल्हापूर, जळगाव, जिथे जिथे ही चार दिव्यांची गाडी कुणी जपून ठेवलीय, तिथल्या सगळ्यांनी मागवलंय. काचेवर एकदा चिकटलं की तीच गोष्ट खरी.

आणि खरी गोष्ट कुठली, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. आता एकीलाच.

तुला आठवतो का तो दिवस? तुला आठवतोच, मला विचारायला हवं की मला किती आठवतो. मी पहिलीत होते. नुकताच चष्मा लागला होता, जाड तपकिरी फ्रेमचा, मम्मीने “टिकेल” म्हणून घेतलेला. आमची शाळा इंग्लिश मीडियम. वर्गात मराठीत बोललं की टीचर रागवायच्या, पण चिडवायची वेळ आली की सगळ्यांना मराठीच आठवायचं. “ए ढापणे!” रांगेत, डब्याच्या सुट्टीत, व्हॅनमध्ये. बैलाच्या डोळ्यांना बांधतात ती ढापणं मी तुझ्या शेजारच्या मळ्यात पाहिली होती, त्यामुळे मला त्या शब्दाचा अर्थ वर्गातल्या इतरांपेक्षा चांगला कळायचा. मी घरी काही सांगितलं नाही. मी कधीच काही सांगायचे नाही.

आणि त्या शनिवारी आप्पांनी गाडी आणली. जुनी, दुसऱ्याने वापरलेली, पण काळी कुळकुळीत, पुढे तारा. तू चारही चाकांखाली लिंबं ठेवलीस, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलंस, नारळ फुटला. शेडवरच्या बायका, शेजारचे, सगळे गाडीभोवती. आप्पा पाहुण्यांना मॉडेलचा नंबर सांगत होते. तीन आकडे, एक अक्षर. कुणालाच तो नंबर लक्षात राहत नव्हता आणि आप्पा पुन्हा पुन्हा सांगत होते. मी मागे, तुझ्या पदराजवळ. गाडी समोरून बघत होते. सगळ्या गाड्यांना दोन डोळे, हिला चार. ते गोल काचेचे चार डोळे, नाकाच्या दोन्ही बाजूंना.

मी तुला हळूच म्हणाले, “आत्या, हिलापण ढापणी म्हणतील.”

तू खो खो हसलीस. मग खाली माझ्याकडे पाहिलंस. तुझं हसू कसं थांबलं ते मला अजून दिसतं. ‘पण’ या शब्दावर थांबलं ते. तुला सगळं कळलं होतं. पदर खोचलास, गाडीच्या डावीकडे गेलीस, आरशाजवळ वाकलीस आणि बाळाच्या बारशाला आत्या जशी कानात सांगते तसं त्या आरशात म्हणालीस, “कुर्रर्र… ढापणी!” शेडवरच्या बायकांना काय, निमित्तच हवं होतं. बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालतात तसे त्यांनी तुझ्या पाठीत घातले, इतके की तू ओरडलीस, “अगं मेल्यांनो, गाडी माझी आहे, पाठपण माझीच आहे!”

आप्पांचा चेहरा! “एवढी लाखाची मोटार आणि ढापणी?” शेवटपर्यंत त्यांनी तो शब्द तोंडात घेतला नाही. ते मोटारच म्हणायचे. आणि त्यांच्याच नावावर आज हे बारसं चढत होतं. आत्या, मला रडू यायला हवं होतं, पण आतून हसू येत होतं. तुला किती मजा वाटली असती!

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडून वचन घेतलं, की हे मी म्हणाले असं कुणाला सांगायचं नाही. तू विचारलंस, “का गं? चांगलं आहे की.” मी म्हणाले, “मग त्यांना कळेल मला काय म्हणतात ते.” तू म्हणालीस, “बरं.” तुझ्या त्या ‘बरं’वर मी इतकी वर्षं निवांत जगले.

तू खोटं किती छान बोलायचीस! बापूकाकांना तू सांगितलंस की आप्पांनी नाव ठेवलं. दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला नवऱ्याचा मान ठेवलेला आवडतो, असं तुझं म्हणणं. देवरे सरांना सांगितलंस की बाजार समितीत बैलजोडीशेजारी गाडी लावली होती, तेव्हा एक हमाल म्हणाला. सर सटाण्याकडचे, कॉलेजात इतिहास शिकवायचे, त्यांना पुरावा लागतो, म्हणून हमालाच्या फेट्याचा रंगसुद्धा सांगितलास. मुंबईहून आलेल्या त्या पारशी आजोबांना सांगितलंस, सिग्नलवरच्या पोलिसाने पावती फाडताना म्हटलं. आणि मी शेजारी बसून पापड मोडत असायचे. तू माझ्याकडे बघायचीही नाहीस. एवढी पक्की होतीस.

नाव मात्र सुसाट पळालं. तू मागच्या सीटवर गुलाबाच्या जुड्या भरून ती गाडी बाजारात न्यायचीस, त्यामुळे आधी फूलबाजार म्हणायला लागला. मग गॅरेज. मग ग्रुप. मग ग्रुपमध्ये जो कुणी ताऱ्याची गाडी आणेल तिचं बारसं करायची पद्धतच पडली, आणि आरशाच्या कानात सांगायला तू. बापूकाकांच्या रुंद पांढऱ्या गाडीचं नाव ‘कोजागिरी’, देवरे सरांच्या सतत बंद पडणारीचं ‘सुट्टी’. सर रुसले होते, आठवतंय? “मॅडम, दुसरं काहीही चालेल.” तू म्हणालीस, “कानात सांगून झालं सर, आता परत कसं घेऊ?”

ती गंमत एकेका गाडीपुरती राहिली. ‘ढापणी’ तेवढी त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना लागली. मी कॉलेजात असताना कोल्हापूरच्या कुणा अनोळखी माणसाचा व्हिडिओ समोर आला. रंकाळ्याच्या काठावर चंदेरी गाडी, आणि तो म्हणतोय, “ही आमची ढापणी.” माझा शब्द! रंकाळ्यावर! मी तो व्हिडिओ हॉस्टेलच्या बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पुन्हा पाहिला आणि तुला फोन केला. तू म्हणालीस, “बघ, पोरगी कुठल्या कुठे नांदायला गेली.”

त्यानंतर मला वेडच लागलं. ही कंपनी गाड्यांना आकडे देते आणि लोक नावं देतात, हे मी शोधत बसायचे. एका जुन्या गाडीचं छत मध्ये दबलेलं आणि कडांना उचललेलं, तर लोक तिला पॅगोडा म्हणायला लागले. एकीच्या मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे दोन उभे पंख, तर तिचं नाव पंखांवरूनच. एक इतरांपेक्षा लहान निघाली, ती ‘बेबी’. आणि मग ते सापडलं! जर्मन लोक आपल्या गाडीला काय म्हणतात माहितीय? ‘चार डोळे’! मी किंचाळले होते फोनवर. मी, किंचाळले! तू गुलाब छाटत होतीस, कात्रीचा आवाज थांबला. तू म्हणालीस, “मग तिकडेही कुणीतरी चष्मा लागलेलं पोर असणार.”

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, जे अर्धं राहिलं.

माझं म्हणणं होतं की टोपणनावाला मालक नसतो. पॅगोडा पहिल्यांदा कोण म्हणालं हे कुणाला माहीत नाही, आणि त्याने काही बिघडलेलं नाही. शब्द सगळ्यांचा झाला की तोच त्याचा मान. तुझं म्हणणं, “असं कसं? हवेत उगवलं का ते? कुणाच्या तरी तोंडून पहिल्यांदा निघालंच ना. त्या माणसाला कुणी विचारलं नाही म्हणून ते नव्हतंच असं होतं का?” मी म्हणायचे, “त्या माणसाला नको असेल तर?” तू म्हणायचीस, “नको की भीती?” आणि मी फोन ठेवायचे.

माझी भीती तुला लहानपणी जपावीशी वाटली आणि मी मोठी झाल्यावर तुला तिचा राग यायला लागला, हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. दोन्ही तुझंच प्रेम. पण एवढं सरळ मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही. तू कार चालवायला शिकवलीस, तेव्हाही मी नुसतं “थँक्स” म्हटलं होतं. आणि तू म्हणाली होतीस, “इंग्रजीत म्हटलं की लवकर उरकतं, नाही का?”

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तुला बोलायला दम लागायचा. पप्पा खाली औषधं आणायला गेले होते. तू मला जवळ बोलावलंस आणि मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगशील, शेडचं किंवा घराचं. तू म्हणालीस, “माझ्याच्यानं आता ते सगळं लक्षात राहत नाही गं. कुणाला पोलीस सांगितला, कुणाला हमाल. परवा देवरे सर भेटायला आले, मी त्यांना पोलीस सांगितला. ते बिचारे हमालावर लेख लिहून बसलेत.” मला हसू फुटलं. तूही हसलीस आणि खोकलीस. मग म्हणालीस, “तू सोडव मला यातून.” मी म्हणाले, “आत्या, राहू दे ना आता.” तू डोळे मिटलेस. झोपलीस की रुसलीस, ते मला कळलं नाही. त्यावर बोलणं झालंच नाही पुन्हा.

तर, मिसळीचं टेबल.

बापूकाकांच्या “बाईमाणसाला” वर देवरे सर म्हणाले, “बापू, मला त्यांनी स्वतः हमाल सांगितला शे.” चिडले की त्यांची अहिराणी बाहेर येते.

“तुम्हाला सांगितला आसंल. मला आप्पासाहेब सांगितले.”

“आणि मागच्या महिन्यात पोलीस!”

“मंग पोलिसाचं नाव टाकता का स्टिकरवर? उद्या तो पावती फाडंल आपलीच.”

सगळे हसले. सर हसले नाहीत. “एक नाव आणि बाप तीन! हे छापायचं कसं?”

“म्हणून म्हणतो आप्पासाहेब टाका. घरातला माणूस हाय. ताईंना बरं वाटंल.”

आत्या, तिथे माझं काहीतरी सुटलं. राग आला म्हणावं तर राग नव्हता. मला एकदम इतका आनंद झाला! ही सगळी मोठी माणसं, केस पांढरे झालेली, एका शब्दासाठी भांडत होती, आणि तो शब्द जिथून आला ती जागा मला माहीत होती. तुझ्या पदराजवळची. मी टेबलावर बसून बापांची यादी ऐकत होते आणि माझ्या छातीत असं धडधडत होतं, जसं गाडी चढावर पहिल्यांदा माझ्या हाताने चढली तेव्हा धडधडलं होतं. मला पहिल्यांदाच वाटलं की मी गप्प राहिले तर माझं गुपित सुरक्षित राहील, हे खरं, पण त्याची किंमत म्हणून तुझं ते सगळं सुंदर खोटं उगीचच वाया जाईल. एका लहान मुलीची लाज राखायला एक बाई इतकी वर्षं वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या गोष्टी सांगत राहिली, ही खरी गोष्ट त्या स्टिकरवरच्या कुठल्याही ओळीपेक्षा मोठी आहे. आणि ती फक्त मीच सांगू शकते. आपल्या भांडणात तू बरोबर होतीस. घे.

मी उठले. खुर्ची इतक्या जोरात सरकली की पप्पांनी वळून पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं काही. तू गेल्यापासून डोळे सुजलेले, लेन्स घालता येत नाहीत, त्यामुळे मी कॉलेजनंतर पहिल्यांदाच चष्मा लावून लोकांत आले होते. तो नाकावरून घसरत होता. मी वर सरकवला.

देवरे सर मोबाईलवर बोट ठेवून तयार होते, पाठवतोच म्हणत होते.

“सर, थांबा,” मी म्हणाले. तेवढंच निघालं. मग सगळ्या टेबलाने माझ्याकडे पाहिलं, तो क्षण, ज्याच्यापासून मी पहिलीपासून पळतेय.

“काय गं, ईशा?” बापूकाका म्हणाले. “चहा सांगू का? बस ना.”

मी बसले नाही. टेबलाची कड धरली. आणि मला हसू येत होतं, आत्या, तुझ्यासारखं, खो खो. पप्पा काहीतरी म्हणणार होते, त्यांना मी हाताने थांबवलं. मग मी बोलले. मोठ्याने. बागेतल्या पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं असणार.

“आप्पा नाही, हमाल नाही, पोलीस नाही. बापूकाका, मी पहिलीत होते, नवीन चष्मा लागला होता आणि शाळेत मला ढापणी म्हणायचे. गाडी आली तेव्हा मी आत्याला म्हणाले, हिलापण म्हणतील. मला लाज वाटायची म्हणून तिनं तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं. आता नाही वाटत. सर, घ्या लिहून: नाव सुचलं ईशाला, गाडीच्या कानात सांगितलं तिच्या आत्यानं.”